मागच्या भिंतीतला नाग : एका घरदुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसांची नावं बदललेली आहेत. साप पकडणाऱ्या आमच्या गटाबरोबर मी या घरी गेलो आणि दुरुस्ती संपेपर्यंत जात राहिलो. घरात साप निघाला की गावात बोलणं होतं ते सापाचं: केवढा होता, कोणी धरला, कुठे सोडला. तो ज्या भिंतीत राहत होता तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. या घरातले सगळे अवघड निर्णय शेवटी भिंतीपाशीच येऊन थांबत होते, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

घर आणि घरची स्थिती

दौलतभाऊंचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस, तूर, सोयाबीन घेतात. घरात पत्नी सुनंदा, म्हातारी आई, एक कॉलेजातला मुलगा आणि एक शाळेत जाणारी मुलगी. एक म्हैस, सातआठ कोंबड्या आणि भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा.

घराच्या समोरच्या दोन खोल्या विटांच्या आहेत, वर टिनं. मागची खोली आजोबांच्या काळची आहे. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या बल्ल्या, त्यावर बांबूच्या कमच्या आणि कवेलू, म्हणजे कौलं. पूर्वी दर उन्हाळ्यात कवेलू फेरून घेत. वानरांच्या टोळ्या गावात यायला लागल्यापासून फेरलेले कवेलू महिनाभरही टिकत नाहीत, त्यामुळे ते काम मागे पडत गेलं. या खोलीत गव्हाची कोठी, तुरीचे कट्टे म्हणजे पोती, म्हशीची सरकी ढेप आणि जमिनीवर आजींचं अंथरूण.

चारेक वर्षांपूर्वी या खोलीची मागची भिंत बाहेरून पावसाने झडली. दौलतभाऊंनी तिला खालपासून वरपर्यंत सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. गावात आता बहुतेक जण असंच करतात, कारण ते पक्कं दिसतं आणि दरवर्षीचा पोतारा, म्हणजे मातीचा हात फिरवणं, वाचतो. पण माती आणि सिमेंट एकमेकांना धरून राहत नाहीत. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती ओल आत कोंडून ठेवतं. कोंडलेल्या ओलीने प्लास्टरच्या मागची माती भुसभुशीत होऊन खाली बसते. प्लास्टर मात्र बाहेरून साबूत दिसत राहतं आणि मध्ये पोकळी तयार होते.

त्यात जमीन काळी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात वावरात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखालची जमीनही तीच. विटांच्या खोल्या आणि मातीची खोली जिथे जोडल्या आहेत, तिथे वरपासून खालपर्यंत दरवर्षी एक फट उघडते आणि पावसाळ्यात अर्धवट मिटते. त्या फटीपासून न्हाणी चार पावलांवर, सांडपाण्याचा तीन इंची पाइप उघडा. आणि याच भिंतीला टेकून जळणासाठी रचलेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग, डोक्याएवढा उंच.

आदल्या वर्षी घरची मांजर मेली होती. त्याआधी काही दिवस दौलतभाऊंनी उंदरांसाठी काळं औषध, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पिठात कालवून ठेवलं होतं. विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला की तिनेच ते पीठ चाटलं, हे कळायला मार्ग नव्हता. मांजर गेल्यावर उंदीर किती वाढले हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. तुरीच्या कट्ट्यांना खालून भोकं पडायला लागली होती.

काय घडलं

मृगाच्या पावसानंतर पेरणी झाली होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस सलग पाऊस लागला. त्याच्या आधी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. एक म्हणजे न्हाणीच्या दगडाशी सुनंदावहिनींना सापाची कात सापडली, ती त्यांनी काडीने उचलून उकिरड्यावर टाकली. दुसरी गोष्ट आजींच्या लक्षात आली होती. रोज रात्री कट्ट्यांमागे चालणारी खुडबुड थांबली होती. "काहून व सुनंदा, उंदरं गप कसे झाले?" असं त्यांनी विचारलंही होतं. उंदीर कमी झाले म्हणून घरात बरंच वाटलं.

रात्री आठच्या सुमाराला लाइन गेलेली होती. भुऱ्या न्हाणीकडे तोंड करून भुंकायला लागला, थांबेना. मुलगा मोबाइलची बॅटरी घेऊन बाहेर आला तेव्हा नाग फणा काढून उभा होता आणि कुत्रा त्याच्यावर पुन्हा पुन्हा धावून जात होता. मुलाने हाक मारली, कुत्र्याने मान वळवली आणि त्याच क्षणी त्याच्या वरच्या ओठाला दंश झाला. नाग मागे सरकला आणि विटा-मातीच्या जोडातल्या फटीत शिरला. शेपूट आत जाताना तिघांनी पाहिली.

त्या रात्रीचे निर्णय

पहिला निर्णय सापाचा. शेजारचे लोक काठ्या घेऊन जमले. सुनंदावहिनींचं म्हणणं सरळ होतं: "लेकरं कुठी निजवू? मारा नाई तं काढा, पण आजच काढा." या बोलण्याला मी कधीही चूक म्हणणार नाही. ज्या घरात म्हातारी बाई जमिनीवर निजते त्या घराला सापाबद्दलचं प्रेम शिकवायला जाऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार नागाला मारणं गुन्हा आहे, हे तिथे कोणीतरी सांगितलं. पण जमाव थांबला तो त्याने नाही. थांबला कारण साप भिंतीत होता आणि त्याच्यापर्यंत काठी पोचतच नव्हती.

मग फटीत रॉकेल ओतायचं किंवा मिरच्यांचा धूर करायचा असं ठरायला लागलं. हा या रात्रीतला सगळ्यात धोक्याचा क्षण होता. धूर केला आणि साप निघाला, तरी तो कुठून निघेल हे धूर करणाऱ्याच्या हातात नसतं. पोकळीचं दुसरं तोंड आतल्या बाजूला, कट्ट्यांच्या मागे उघडत होतं, हे दुसऱ्या दिवशी दिसलं. धुराने नाग हलला असता तर तो अंधारात आजींच्या खोलीत उतरू शकला असता.

दौलतभाऊंनी तोवर १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन लावला होता, आणि ओळखीतून आमच्या गटालाही. फोनवरच त्यांना सांगितलं की मागची खोली रिकामी करा, दार ओढून उंबऱ्याच्या फटीत ओलं पोतं दाबून बसवा, सगळ्यांनी समोरच्या खोलीत खाटेवर निजा, आणि एका माणसाने लांबून त्या फटीवर उजेड धरून बसा. कोणी हात घालू नका, काही ओतू नका. त्यांनी तसं केलं. आमचा माणूस पोचेपर्यंत साप बाहेर आलेला नव्हता. अंधारात, पावसात भिंत उकरायची नाही असं त्याने ठरवलं आणि ते बरोबर होतं. फटीच्या तोंडाशी आणि न्हाणीच्या पाइपाशी चुलीची राख चाळून पसरली, म्हणजे रात्री साप निघाला तर माग दिसेल.

दुसरा निर्णय कुत्र्याचा. "कुत्र्यासाठी कोणी एवढ्या रात्री दवाखान्यात जाते का बावा?" असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने पलीकडच्या गावातल्या उतारा देणाऱ्याचं नाव काढलं. तोवर भुऱ्याचा ओठ सुजून एका बाजूला लोंबायला लागला होता, तोंडातून लाळेची तार लागली होती आणि पापण्या अर्ध्यावर येऊन तिथेच थांबल्या होत्या. तो उठायला बघायचा आणि मागचे पाय घसरायचे. नागाचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडतं. आधी पापण्या, मान, पाय, आणि शेवटी श्वासाचे स्नायू ढिले पडतात. लाळ गळते ती गिळता येत नाही म्हणून. ही लक्षणं दिसल्यावर उताऱ्याकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दौलतभाऊंनी मुलाला मोटारसायकलवर मागे बसवलं, कुत्र्याला कट्ट्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर दिलं आणि तालुक्याच्या पशुवैद्यकांना निघण्यापूर्वीच फोन केला. या फोनचा फार उपयोग झाला. डॉक्टरांकडे सर्पविष प्रतिरोधक औषध नव्हतं, पण ते कोणत्या मेडिकलमध्ये आहे हे त्यांनी तेवढ्या वेळात शोधून दुकान उघडं ठेवायला लावलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं हे एकच औषध माणसाला देतात आणि जनावरालाही तेच. कुत्रा लहान म्हणून औषध थोडं, असा हिशेब इथे चालत नाही. साप अंग पाहून विष मोजत नाही, आणि आत गेलेल्या विषाला पुरेल एवढं औषध लागतं. भुऱ्याला सलाइनमधून दोन कुप्या हळूहळू दिल्या, सोबत ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मिन. औषधाची रिॲक्शन येऊ शकते म्हणून ॲड्रेनालिन भरून बाजूला ठेवलेलं होतं. मध्यरात्रीनंतर आणखी एक कुपी लागली. पहाटे त्याने मान उचलली.

माणसाला दंश झाला असता तर हाच निर्णय आणखी कमी वेळात घ्यावा लागला असता: १०८ ला फोन, दंशाचा हात किंवा पाय न हलवता ठेवणं, घट्ट दोरी न बांधणं, कापणं-चोखणं न करणं आणि थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. गावातल्या लोकांना त्या रात्री हे मी सांगितलं, कारण ऐकायला सगळे जागे होते.

भिंत बुजवायची की उघडायची

सकाळी राखेवर बेडकाखेरीज कुणाचा माग नव्हता, म्हणजे साप आतच होता. आठ वाजता मिस्त्री सिमेंटची थैली घेऊन हजर. घरच्यांचं म्हणणं होतं की फट बुजवून टाकावी, साप आत असला तर आतच मरेल.

असं बुजवलेलं घर मी पाहिलेलं आहे. साप उपाशी बरेच आठवडे काढू शकतो, आणि उंदरांच्या बिळाला एकच तोंड कधी नसतं. बाहेरचं तोंड बंद झालं की तो आतलं शोधतो. मेला तर भिंतीत कुजतो, आणि भिंत जशी पोकळ होती तशीच राहते. दुसरा पर्याय कोणीतरी आणूनच ठेवला होता: फिनाइल आणि कार्बोलिक ॲसिड. याने साप पळतो ही समजूत फार पसरलेली आहे. साप त्याच्यावरून निघून जातो. ॲसिडने भाजतात ती लेकरं आणि कोंबड्या.

मिस्त्रींनी प्लास्टरवर बोटाची पेरं वाजवून पाहिली आणि तेच म्हणाले, "हे बद्द वाजून रायलं. आत पोकळ हाये भाऊ." जमिनीपासून छातीपर्यंत तोच आवाज होता. तेव्हा ठरलं की भिंत उघडायची. आधी पऱ्हाट्यांचा ढीग लांब काठ्यांनी ओढून हलवला. त्याखाली उंदरांची बिळं इतकी होती की जमीन पायाखाली दबत होती. मग प्लास्टर वरून खाली, एकेक पापुद्रा काढत. मिस्त्री छन्नी मारणार आणि बाजूला होणार, आमचा माणूस सळईने तुकडा ओढणार, अशी पद्धत ठेवली. प्लास्टरच्या मागे तळहात सरळ जाईल एवढी पोकळी निघाली. तिच्यात कुरतडलेला कापूस, तुरीची टरफलं, सुतळीचे तुकडे, उंदरांच्या लेंड्या. काताचा आणखी एक तुकडा, त्यावर डोळ्यांच्या दोन पारदर्शक चकत्या जशाच्या तशा.

पोकळी संपली तिथे, भिंतीच्या पायाशी, एक बीळ आत तिरपं गेलेलं होतं. ते बाजूने खणून उघडलं. नाग तिथे वेटोळं घालून होता, आणि वेटोळ्यात अंडी.

मादी होती, चार फुटांच्या आसपास. साप स्वतः बीळ खणत नाही, उंदरांचं तयार बीळ वापरतो. खायला उंदीर, ऊब, ओल आणि अंधार, असं सगळं तिला एका ठिकाणी मिळालं होतं. अंडी घातल्यावर नागाची मादी बरेचदा त्यांच्याजवळच थांबते, त्यामुळे धूर आणि रॉकेल केलं असतं तरी ती सहजी हलली नसती. तिला पकडून पिशवीत घेतलं आणि वन विभागाच्या माणसांची वाट पाहिली.

अंडी आणि मादी

अंडी पंधरा होती. त्यांचं काय करायचं हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आधी आलेला नव्हता. तिथेच परत पुरून ठेवणं शक्य नव्हतं, कारण पिल्लं निघाली असती ती आजींच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर, आणि नागाचं पिल्लू जन्मतःच विषारी असतं. फोडून टाका असं दोघातिघांनी म्हटलं. त्याला आजींनी विरोध केला. त्यांच्या माहेरची माणसं नागपंचमीच्या सुमाराला पचमढीला नागद्वाराच्या यात्रेला जाणारी. "माय जिती नेता अन् पिल्लं मारता का?" एवढंच त्या म्हणाल्या. पुढे वाद झाला नाही.

वनरक्षकांनी पंचनामा केला आणि अंडी त्यांच्या देखरेखीखाली आमच्या गटाकडे उबवायला ठेवली. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नसतं. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो, उलटलं तर तो गुदमरतो. म्हणून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण केली आणि त्याच स्थितीत ओलसर मातीच्या डब्यात ठेवलं.

मादी कुठे सोडायची यावर मात्र बराच वेळ गेला. गावाची मागणी होती की पन्नास किलोमीटर लांब न्या. लांब सोडलेला साप अनोळखी मुलखात भटकतो, त्याला लपायला जागा आणि पाणी सापडत नाही, आणि असे साप बरेच मरतात. शिवाय तो तिथल्या दुसऱ्या कुणाच्या घराकडे जाणारच. पण वाड्याशेजारी सोडा हेही त्या घराला सांगता येत नव्हतं. वन कर्मचाऱ्यांनी वस्तीपासून दूर, नाल्याकाठचा जंगलाचा कडेचा भाग निवडला, घरापासून दोनेक किलोमीटरवर. दौलतभाऊंना जागा आधी दाखवली. त्यांना ती पटली असं मी म्हणणार नाही, पण लपवून सोडलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी फोन केला नसता.

उंदरांचं काय करायचं

साप गेला, उंदीर होते. हे जितके दिवस राहतील तितके दिवस ती जागा दुसऱ्या सापासाठी रिकामी. इथे घरात मतभेद झाले. दौलतभाऊंना झटपट उपाय हवा होता, कारण तूर विकायची होती. धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, बिळात टाकून तोंड बुजवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. राहत्या खोलीच्या भिंतीत ही गोळी टाकणं म्हणजे माणसांच्या झोपण्याच्या जागी विषारी वायू सोडणं आहे. यावर मी त्यांच्याशी स्पष्ट बोललो. काळं औषध पुन्हा ठेवायला सुनंदावहिनी तयार नव्हत्या, मांजर त्यांना आठवत होती. दुकानात मिळणाऱ्या, रक्त न गोठू देणाऱ्या वड्यांचा विचार झाला, पण वाड्यात आजारातून उठलेला कुत्रा आणि मोकळ्या कोंबड्या होत्या.

शेवटी निवडलं ते वेळखाऊ काम. आधी खाणं बंद: तूर पत्र्याच्या कोठीत, उरलेले कट्टे लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर पुढे, म्हणजे मागून झाडू फिरवता येईल. ढेप झाकणाच्या ड्रममध्ये. मग पिंजरे, भिंतीला लावून, रोज रात्री. सगळ्यात शेवटी बिळं बुजवणं. हा क्रम बदलला की काम वाया जातं. आधी बुजवलं तर आत अडकलेले उंदीर दोन दिवसांत नवीन भोक पाडतात. पहिल्या आठवड्यात पिंजरे रोज भरत होते, दुसऱ्या आठवड्यात रिकामे राहायला लागले. मुलीने शेजारच्या गल्लीतून मांजरीचं पिल्लू आणलं ते याच काळात.

दुरुस्ती

खोली पाडून नवी बांधावी असं दौलतभाऊंच्या मनात होतं. घरकुलाच्या यादीत नाव आहे, पण नंबर लागलेला नव्हता, आणि योजनेतून मिळणाऱ्या रकमेत घरची भर घातल्याशिवाय स्लॅब पडत नाही. पेरणीनंतर हातात पैसा नव्हता. मिस्त्रींचं मत पुन्हा सिमेंटकडे होतं, या वेळी जाळी ठोकून. जाळीने सिमेंट टिकलं असतं, पण मागची माती ओलीने बसतच राहिली असती. मातीच्या भिंतीला मातीचाच लेप लागतो, हे पटवायला मला वेळ लागला. पटलं ते उकरलेल्या भिंतीकडे बोट दाखवून, बोलून नाही.

पण जुलैत मातीचं काम वाळत नाही. इथे प्रकरण खरोखर अवघड झालं. भिंत उघडी, डोक्यावर आषाढाचा पाऊस. तीन महिने तिला जपायचं कसं? वरून टिनाची दीड फूट बाहेर आलेली पाख बसवली, ताडपत्री बांधली, आणि खालच्या तीन फुटांना पाव इंची लोखंडी जाळी तात्पुरती ठोकली. तरी ऑगस्टमध्ये वाऱ्याने ताडपत्री फाटून एका कोपऱ्यातली माती वाहून गेली. बल्लीला टेकू द्यावा लागला.

पक्कं काम दसऱ्यानंतर झालं. पायाशी एक फूट खोल चर खणून जाळी उभी सोडली आणि तळाशी बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे वरून खणत आलेला उंदीर त्या वळलेल्या पट्टीवर अडतो. जाळीचं भोक पाव इंचापेक्षा मोठं नको, कारण पेन्सिल जाईल एवढ्या जागेतून लहान उंदीर आत येतो आणि सापाचं पिल्लूही. त्यावर दीड फूट दगडी जोतं. वरची भिंत माती, गव्हांड म्हणजे गव्हाचा भुसा, शेण आणि थोडा चुना कालवून, चार दिवस मुरवून, दोन थरांत लिंपली. आजींनी त्या कालवणात हात घालून बघितला आणि गव्हांड कमी आहे म्हणून सांगितलं. मिस्त्रींनी वाढवलं. पहिल्या थराला जिथे कमी होतं तिथेच नंतर बारीक भेगा दिसल्या.

विटा आणि मातीच्या जोडात सिमेंट भरायचं नाही असं ठरवलं. काळी जमीन हलणारच, आणि कडक भरलेला जोड पुन्हा तुटणारच. तिथे आत जाळीची पट्टी आणि वर चुना-मातीचा भराव केला आहे, जो दर मे महिन्यात पाहून पुन्हा दाबायचा. न्हाणीच्या पाइपाला टोकाशी जाळी. कवेलू आणि भिंतीच्या डोक्यामधली फट आतून जाळी लावून लिंपली. पऱ्हाट्या आता वाड्याच्या दुसऱ्या टोकाला, दगडांवर, जमिनीपासून वर. मजुरी आणि सामान मिळून अठरा हजारांच्या आसपास गेले, त्यातला मोठा भाग टिनाची पाख आणि जाळी.

काय निष्पन्न झालं

भुऱ्या वाचला. ओठाचा एक तुकडा सडून गळाला, दात एका बाजूने उघडे दिसतात. पंधरापैकी बारा अंड्यांतून ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पिल्लं निघाली आणि वन कर्मचाऱ्यांसमोर जंगलात सोडली. त्या हिवाळ्यात तुरीचा एकही कट्टा कुरतडलेला निघाला नाही. उंदीर संपले नाहीत, कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, म्हशीजवळ दिसतात, पण मागच्या खोलीत नाहीत. दिवाळीनंतर कोठ्याजवळ धामण दिसली तेव्हा दौलतभाऊंनी फोटो पाठवून ओळख विचारली आणि तिला जाऊ दिलं. आजी आता खाटेवर निजतात.

वेगळं काय करता आलं असतं

कात सापडली तेव्हाच फोन व्हायला हवा होता. काताच्या खवल्यांवरून साप बहुतेक वेळा ओळखता येतो, फोटोवरूनही. ती उकिरड्यावर न टाकता डब्यात ठेवली असती तर कुत्र्याचा दंश टळण्याची चांगली शक्यता होती. उंदरांचं अचानक गप होणंही तसंच. आजींनी ते हेरलं होतं, फक्त त्याचा अर्थ घरात कोणी लावला नाही.

कुत्र्याला आवरणं हा दुसरा मुद्दा. सापावर भुंकणाऱ्या कुत्र्याला हाक मारली की तो वळतो आणि सापाला नेमकी तेवढीच संधी मिळते. लांबून पाण्याची बादली फेकणं किंवा मागून दोरीने ओढणं हे अधिक बरं.

प्लास्टर छातीपर्यंत उघडलं ते जास्त झालं असं माझं मत आहे. साप पायाशी होता. खालचे तीन फूट उघडून मादी काढता आली असती आणि वरचं प्लास्टर पावसाळाभर भिंतीला ताडपत्रीपेक्षा चांगलं झाकून राहिलं असतं. ऑगस्टमधली पडझड त्यामुळे टळली असती. मिस्त्रींना हे पटत नाही. त्यांच्या मते अर्धं प्लास्टर लटकत ठेवणं उकरणाऱ्यांच्या डोक्यावर धोक्याचं होतं, आणि त्यातही तथ्य आहे.

औषधाची माहिती आधी असायला हवी होती. आता त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर १०८, १९२६ आणि जनावरांसाठी १९६२ हे क्रमांक लिहिले आहेत, आणि तालुक्यात कोणत्या मेडिकलमध्ये रात्री औषध मिळतं तेही.

एक काम राहिलेलं आहे. मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत शेजाऱ्यांशी सामायिक आहे. त्यांच्या बाजूने तिला अजून सिमेंटचंच प्लास्टर आहे आणि वाजवलं की तसाच बद्द आवाज येतो. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, तो आल्यावर पाहू म्हणाले आहेत. तोवर दौलतभाऊंनी आपल्या बाजूच्या पायाशी जाळी घालून घेतली आहे आणि त्या भिंतीजवळ दर आठवड्याला एक पिंजरा लावतात.